नातवंडांसाठी वारे कोंडणारा आजोबा

ऐका. इसवी सनापूर्वी २५९ सालची गोष्ट. रोममध्ये लुसियस कॉर्नेलियस स्किपिओ नावाचा एक कॉन्सल होता. कॉन्सल म्हणजे त्या वर्षापुरता रोमचा सर्वोच्च अधिकारी. असे दोघं असत. कार्थेज शहराशी युद्ध जुंपलं होतं. स्किपिओ आरमार घेऊन कॉर्सिका बेटावर चालून गेला, बेट जिंकलं, तिथलं अलेरिया शहरही घेतलं. रोमन माणूस जमिनीवर भारी, पण समुद्रात तेव्हा अगदी नवशिका. कॉर्सिकाच्या पाण्यात असं वादळ उठलं की सगळं आरमारच तळाला जायची वेळ आली. कसाबसा तो वाचला. रोमला आल्यावर त्याने देऊळ बांधलं. कुणाचं बांधलं असेल?

धाकटा लगेच म्हणतो, “समुद्राच्या देवाचं!”

समुद्राचा देव नेपच्यून. त्याच्याकडे स्किपिओ गेलाच नाही. त्याने देऊळ बांधलं ते टेंपेस्टातेस नावाच्या देवींचं, म्हणजे खुद्द वादळांचं. ज्यांनी बुडवायला काढलं होतं त्यांचंच! त्याच्या थडग्यावरच्या लेखात हे कोरलेलं आहे आणि तो दगड आजही व्हॅटिकनच्या संग्रहालयात बघायला मिळतो.

“पण आजोबा, बुडवणाऱ्यांना देऊळ कशाला?” थोरलीचा प्रश्न.

अगं, कारण सुटका त्यांच्याच हातात होती. रोमन माणूस देवांशी रोखठोक वागायचा. नवस बोलला, काम झालं, आता फेडायचा. आणि काम ज्याचं, नवस त्यालाच. म्हणून रोमन लोकांकडे लहानसहान देवांची एवढी गर्दी. दाराच्या बिजागरीलासुद्धा त्यांच्याकडे वेगळी देवी होती! मोठ्या देवांच्या गोष्टी राजेराण्यांच्या, लग्नांच्या, भांडणांच्या. त्या कुणीही सांगतो. मला आवडतात ते हे खलाशांचे छोटे देव, कारण त्यांच्यात निसर्गाचं निरीक्षण ठासून भरलंय. एकेका देवाच्या पोटात शिरलं की आत हवामानशास्त्राचा एकेक धडा सापडतो.

स्किपिओचं वादळच बघा. इटलीच्या डोक्यावर आल्प्स पर्वताची भिंत आहे. उत्तरेची गार हवा आली की या भिंतीला अडते, वळसा घालते, फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली घुसते. पर्वताच्या दक्षिणेला, जेनोआच्या आखातावर, कमी दाबाचा भोवरा तयार होतो. भूमध्य समुद्रात वादळं जन्मण्याच्या ज्या ठरलेल्या जागा आहेत त्यांतली ही एक मोठी, आणि कॉर्सिका बेट बरोबर तिच्या तोंडाशी. स्किपिओला हे नकाशावर दाखवायला कुणी नव्हतं. तिथल्या वादळांना वेगळा मान द्यावा लागतो, एवढं मात्र त्याला चांगलंच कळलं.

ऱ्होनच्या खोऱ्यातून येणाऱ्या त्या वाऱ्याला रोमन लोक सर्कियस म्हणत. आज फ्रान्समध्ये त्याला मिस्त्राल म्हणतात. घरं हादरवणारा, ताशी १०० किलोमीटरच्या वर जाणारा वारा. रोमन लेखक सेनेका लिहून गेलाय की गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले लोक घरं खिळखिळी झाली तरी या वाऱ्याचे आभारच मानत, कारण त्याच्यामुळे आपली हवा निरोगी राहते असं त्यांचं म्हणणं. सम्राट ऑगस्टस तिथे मुक्कामाला असताना त्याने या वाऱ्याला देऊळ बांधून दिलं. गॉलचे लोक चुकीचं बोलत नव्हते. मिस्त्राल कोरडा असतो, ढग पळवून लावतो, दमट हवा टिकू देत नाही. तिथलं आकाश लख्ख निळं असतं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच.

आता वाऱ्यांच्या घरातली मुख्य मंडळी. उत्तरेचा अक्विलो, दक्षिणेचा ऑस्टर, पश्चिमेचा फावोनियस आणि आग्नेयेकडून येणारा व्हल्टर्नस. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, चेहरा वेगळा. ग्रीक मंडळींनी हेच वारे आपल्या नावांनी अथेन्समध्ये दगडात कोरून ठेवलेत. अष्टकोनी मनोरा आहे, साधारण १२ मीटर उंच, दोन हजार वर्षांहून जुना आणि अजून उभा. आठ बाजूंना आठ उडते वारे. उत्तरेचा वारा जाड झगा घालून शंख फुंकतोय, दक्षिणेचा घागर उपडी करून पाणी ओततोय, पश्चिमेचा ओच्यातून फुलं उधळतोय. वर कळसावर एक कांस्याचा ट्रायटन होता, कमरेखाली मासा असलेला समुद्रदेव. वारा फिरला की तो फिरायचा आणि हातातल्या काठीने खालच्या त्या त्या वाऱ्याकडे बोट दाखवायचा. अनपढ खलाशालाही खाली उभं राहून कळायचं की आज कुणाची पाळी आहे.

हे चेहरे उगाच रंगवलेले नाहीत हं. अक्विलो म्हातारा, दाढीवाला, तिरसट. एड्रियाटिक समुद्राच्या टोकाला ट्रिएस्टे शहर आहे, तिथे हा उत्तरेकडचा वारा आजही येतो. आता त्याला बोरा म्हणतात. डोंगरापलीकडच्या पठारावर हिवाळ्यात गार हवा साठून राहते. गार हवा जड असते, तिला खाली यायचं असतं. फ्रिजचं दार उघडल्यावर आधी पाय गारठतात ना, तसंच. पठाराच्या काठावरून ही हवा एकदा सांडायला लागली की ताशी १५० किलोमीटरच्या वर झोत येतात. ट्रिएस्टेत पूर्वी रस्त्याच्या कडेने दोर बांधत, माणसांना धरून चालायला.

ऑस्टर याच्या अगदी उलट. ओव्हिड कवीने त्याला भिजलेल्या पंखांचा, काळ्या चेहऱ्याचा, दाढीतून पाणी निथळणारा रंगवलाय. आता गंमत अशी की हा वारा निघतो कुठून, तर सहारा वाळवंटातून! तिथे निघताना तो कोरडा ठणठणीत. मग दाढी भिजली कुठे? वाटेत समुद्र लागतो ना. गरम हवेला तहान मोठी. भूमध्य समुद्र ओलांडेपर्यंत ती इतकी वाफ पिते की इटलीत पोहोचताना वारा चिकट, घामट, ढगांनी लादलेला होतो. शिवाय वाळवंटाची तांबूस धूळ बरोबर असतेच. ती पावसात मिसळली की तांबडा पाऊस पडतो. रोममध्ये असा पाऊस पडला की ‘रक्त पडलं’ म्हणून हलकल्लोळ व्हायचा, शांती केल्या जायच्या. लिव्ही या इतिहासकाराने अशा नोंदी करून ठेवल्यात. तो वारा आज सिरोको म्हणून ओळखतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला याच सिरोकोने एड्रियाटिकचं पाणी व्हेनिसच्या दिशेने रेटून धरलं आणि शहरात नेहमीच्या पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर पाणी चढलं. ते तिथल्या नोंदींमधलं सर्वांत मोठं भरतीचं पाणी आहे.

या सगळ्या दांडगटांना सांभाळायला एक राखणदार होता, इओलस. सिसिलीच्या उत्तरेला बेटांचा पुंजका आहे, त्यातल्या एका डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत वारे कोंडलेले, आणि वर हा बसलेला. व्हर्जिल कवीच्या महाकाव्याची सुरुवातच याच्यापासून होते. देवांची राणी जुनो हिला ट्रोजन लोकांची गलबतं बुडवायची असतात. ती इओलसकडे जाते आणि चक्क लाच देऊ करते: माझ्याकडे चौदा अप्सरा आहेत, त्यांतली सर्वांत देखणी डिओपिआ तुला बायको म्हणून देईन. इओलस विरघळतो. भाल्याने डोंगराच्या कुशीत ढोसतो आणि सगळे वारे एकदम बाहेर. मग नेपच्यून पाण्यातून डोकं वर काढतो आणि वाऱ्यांना असं खडसावतो की ते शेपूट घालून परत जातात. पण खडकावर चढलेली गलबतं ढकलून मोकळी कोण करतं माहितेय? किमोथोई नावाची एक छोटी समुद्रकन्या आणि ट्रायटन, दोघं खांदा लावून. सगळ्या महाकाव्यात त्या बिचारीला एवढीच जागा. काम मात्र मोठं केलंय तिने.

इओलसच्या बेटांवर खरोखर काही होतं का? होतं, आणि अजून आहे. त्यातलं एक बेट स्ट्रॉम्बोली. समुद्रातून थेट वर आलेला ९०० मीटरहून उंच ज्वालामुखी. दर पाऊण-एक तासात दोन-चार वेळा तरी तोंडातून निखारे उडवतो, आणि हे हजारो वर्षं चाललंय. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की या बेटावरचे लोक धुराकडे बघून पुढच्या तीन दिवसांत कुठला वारा सुटणार ते सांगत. तीन दिवसांची छाती ठोकून हमी मी देणार नाही. पण विचार करा, ९०० मीटर उंचीवर धूर सोडणारी, कधीही न विझणारी चिमणी तुमच्या दारात आहे. वरचा वारा खालच्या वाऱ्याच्या आधी बदलू शकतो. धुराची दिशा ते दाखवते. हवेत दमटपणा वाढला की ज्वालामुखीची वाफ लवकर विरत नाही, धूर दाट दिसतो. पिढ्यानपिढ्या ते बघणाऱ्या कोळ्याला अंदाज का बांधता येऊ नये? बेटावर वाऱ्यांचा राजा राहतो ही कथा अशा ठिकाणी रुजली, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता इओलसच्या लेकीची गोष्ट. ही ओव्हिडने सांगितलीय.

तिचं नाव अल्सिओनी. नवरा सेइक्स, राजा. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम. सेइक्सला कौल लावायला समुद्रापार जायचं होतं. अल्सिओनी म्हणाली, जाऊ नका. तुम्हाला वाटत असेल माझा बाप वाऱ्यांचा राखणदार, तो सांभाळून घेईल. पण मी त्या घरात वाढलेय. मी वाऱ्यांना लहानपणापासून बघितलंय, म्हणूनच मला त्यांची भीती वाटते.

“मग तो थांबला?”

थांबला असता तर गोष्ट झाली असती का? गेला. अर्ध्या वाटेवर वादळ आलं, डोलकाठी मोडली, गलबत फुटलं. एका फळीला धरून तो तिचं नाव घेत राहिला, तोंडात पाणी जाईपर्यंत. इकडे तिला काहीच माहीत नाही. ती रोज जुनोच्या देवळात जाऊन नवऱ्यासाठी साकडं घालतेय. मेलेल्या माणसासाठी चाललेली ती प्रार्थना शेवटी जुनोलाच ऐकवेना. तिने निद्रादेवाकडे निरोप धाडला. त्याचा मुलगा मॉर्फियस, वाटेल त्या माणसाचं रूप घेणारा, सेइक्सच्या रूपात तिच्या पलंगाशी येऊन उभा राहिला, केसांतून पाणी ठिबकत. म्हणाला, मी गेलो, माझी वाट बघू नकोस. सकाळी ती धावत किनाऱ्यावर गेली, तर लाटांवर एक देह तरंगत येत होता. जवळ आला, तेव्हा ओळख पटली. ती धक्क्यावरून उडी मारते, आणि पाण्यात पडण्याऐवजी हवेत तरंगते. देवांनी तिला पक्षी केलं होतं. चोच लावताच तोही पक्षी झाला. तेव्हापासून ऐन हिवाळ्यात ती समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते आणि ते सात दिवस तिचा बाप सगळे वारे कोंडून ठेवतो. कुणासाठी? नातवंडांसाठी! एरवी लाच खाऊन वारे सोडणारा हा इओलस, पण आजोबा झाल्यावर बघा कसा सुधारला.

तो पक्षी म्हणजे खंड्या. तुम्ही विजेच्या तारेवर बसलेला बघता तो निळा, त्याचाच भाऊबंद. आता या गोष्टीत खरं किती?

हिवाळ्यातले शांत दिवस खरे आहेत. ग्रीसमध्ये आजही थंडीच्या मध्यावर, बहुतेक जानेवारीच्या आसपास, काही दिवस निवांत ऊन पडतं, वारा थांबतो, समुद्र आरशासारखा होतो. जास्त दाबाची हवा येऊन त्या भागावर ठाण मांडते, त्यामुळे हे होतं. लोक अजून त्या दिवसांना अल्सिओनीचेच दिवस म्हणतात. तरंगतं घरटं मात्र साफ खोटं. युरोपातला खंड्या वसंतात वीण करतो, तीही समुद्रावर नाही. ओढ्या-नद्यांच्या उभ्या मातीच्या काठात तो हातभर लांब बीळ कोरतो, आत खोली करतो आणि तिथे अंडी घालतो.

मग हिवाळा आणि समुद्र कुठून आला? उत्तर फार सुंदर आहे. कडक थंडीत आतल्या भागातली तळी, ओढे गोठतात, मासे धरता येत नाहीत. म्हणून खंड्ये हिवाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर उतरतात. वर्षभर न दिसणारा हा निळा पक्षी बरोबर थंडीत, शांत दिवसांत, समुद्राच्या काठी खडकावर बसलेला दिसायचा. घरटं काही कुणाला दिसेना. मग ते समुद्रातच असणार! निरीक्षण खरं, निष्कर्ष फसला. विज्ञानात हे आजही होतं.

आणखी एक. प्लिनीने लिहिलंय की हे घरटं चेंडूसारखं असतं, लोखंडानेही कापत नाही आणि ते माशांच्या काट्यांचं असावं असं लोक मानतात. चेंडू बहुधा भूमध्य किनाऱ्यावर वाहून येणारे समुद्रगवताच्या तंतूंचे गोळे असावेत, हा माझा तर्क. पण काटे? खंड्याच्या बिळात जाऊन बघितलं तर तळाशी खरोखर माशांच्या काट्यांचा थर असतो! तो खाल्लेल्या माशांचे काटे गोळीसारखे ओकून टाकतो, ते तिथे साठतात. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, एखादं बीळ उकरून बघितलं असावं.

अल्सिओनी आणि सेइक्स आपल्याकडेही आलेत बरं का. पक्षीशास्त्रज्ञांनी खंड्यांच्या दोन वेगळ्या प्रजातींना ही दोन नावं दिली. तारेवरचा पांढऱ्या छातीचा खंड्या ‘हॅल्सिओन’ प्रजातीतला. आणि कर्नाळ्याच्या जंगलात दिसणारा, चिमणीएवढा, निळा-केशरी-जांभळा तिबोटी खंड्या ‘सेइक्स’ प्रजातीतला. तोच रायगड जिल्ह्याचा पक्षी. देवांनी एकत्र आणलेल्या नवरा-बायकोला शास्त्रज्ञांनी पुन्हा वेगळं केलं म्हणायचं! आणि आपला हा सेइक्स वीण कधी करतो? शांत दिवसांत मुळीच नाही. भर पावसाळ्यात, ओढे फुगलेले असताना, ओल्या मातीच्या दरडीत. बेडूक, पाली, किडे यांची तेव्हा चंगळ असते, पिल्लांना भरवायला दुसरा हंगाम इतका चांगला नाही.

वाऱ्यांचं झालं. आता लाटांच्या दोन देवी बघू. यांच्यावर तर मोठं भांडण झालंय. व्हारो नावाचा एक रोमन पंडित होता, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याने सांगितलं की किनाऱ्याकडे येणारी लाट म्हणजे व्हेनिलिआ आणि समुद्राकडे परत जाणारी लाट म्हणजे सलाशिया. सलाशिया नेपच्यूनची बायकोही होती. पुढे चारशे-साडेचारशे वर्षांनी संत ऑगस्टिनने आपल्या ग्रंथात याची यथेच्छ टर उडवली. अहो, येतं तेच पाणी परत जातं, मग देवी दोन कशाला? धर्माचं सोडा, मी इथे व्हारोच्या बाजूचा आहे.

खोल समुद्रात लाट पुढे जाते, पण पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं. नारळ टाकून बघा, तो वर-खाली होत राहतो. किनाऱ्याशी तळ उथळ झाला की लाटेचे पाय अडखळतात, माथा पुढे कोसळतो, आणि पाणी वाळूवर धावत चढतं. ही व्हेनिलिआ. ती वाळू वर आणते. घसरत परत जाते ती सलाशिया. ती वाळू खाली ओढते. पाणी एक, काम दोन. शांत हंगामात व्हेनिलिआचं पारडं जड, किनारा भरतो. खवळलेल्या हंगामात सलाशिया जिंकते, किनारा खरवडला जातो. कोकणात पावसाळ्यात वाळू गेलेला किनारा दिवाळीनंतर पुन्हा भरताना ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही.

आणि सलाशियाचा एक डाव नीट लक्षात ठेवा, कारण तो जीव घेतो. लाटांनी आणलेलं पाणी परत जाताना कधी कधी एकाच अरुंद वाटेने समुद्रात धावतं. तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. माणूस तिथेच उतरतो आणि आत ओढला जातो. तेव्हा प्रवाहाविरुद्ध हातपाय मारून दमायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. वाट अरुंद असते, ती संपते, मग किनाऱ्याकडे वळायचं.

लाटांतून वाचून आत आलं की भेटतो बंदराचा देव पोर्टुनस. हातात किल्ली, सण १७ ऑगस्टला. त्याचं देऊळ रोममध्ये टायबर नदीकाठी अजून जवळजवळ अखंड उभं आहे, कारण इसवी सन ८७२ मध्ये त्याचं चर्च झालं आणि ते मोडकळीतून वाचलं. ट्रायटनचं म्हणाल तर सम्राट क्लॉडियसने एका तळ्यात नौकायुद्धाचा खेळ लावला होता, तेव्हा पाण्यातून यंत्राने वर आलेल्या चांदीच्या ट्रायटनने शंख फुंकून इशारा दिला. हा शंख ज्या गोगलगायीचा, तिला आजही ट्रायटनच म्हणतात. असा एक शंख फ्रान्समधल्या मार्सुला गुहेत १९३१ मध्ये सापडला होता. लोक त्याला पेला समजत राहिले. २०२१ मध्ये नीट बघितलं तर टोक मुद्दाम तोडलेलं, फुंकायला! एका वादकाने तो वाजवला आणि सुमारे १८ हजार वर्षांनी त्यातून तीन सूर निघाले.

थोरली मघापासून वाट बघतेय की फावोनियसचं काय झालं. पश्चिमेचा वारा, फुलं उधळणारा, गुणी. प्लिनी सांगतो की ८ फेब्रुवारीच्या सुमाराला तो वाहू लागला की वसंत आला आणि समुद्र खलाशांना मोकळा झाला. पण त्याच प्लिनीने पुढे एक नोंद केलीय, ती वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. अरबस्तानाच्या टोकावरून हिंदुस्थानात यायला खलाशी जो वारा वापरतात तो फावोनियसच, असं तो म्हणतो. फक्त तिकडे त्याला हिप्पालस म्हणतात. या वाऱ्यावर बसलं की ४० दिवसांत केरळातलं मुझिरिस बंदर.

अरे, हा तर आपला नैर्ऋत्य मोसमी वारा! फुलं उधळणारा फावोनियस आपल्याकडे झाडं उन्मळून पाडतो, घरांची कौलं उडवतो. मे-जूनमध्ये आपली जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब घटतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडची हवा ती जागा भरायला धावते, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळून आपल्याकडे येते. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर, तिचा जोर सगळ्यांत जास्त. रोमन गलबतं इजिप्तहून जुलैत निघत, म्हणजे आपल्याकडे पोहोचेपर्यंत वारा थकलेला असे. परत जायची वेळ डिसेंबर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा. तेव्हा हिंदुस्थानातून व्हल्टर्नस ढकलायचा, लाल समुद्रात शिरल्यावर दक्षिणेकडचे वारे. घरच्याच देवांची नावं, फक्त समुद्र परका.

हे सगळं टिपणारा प्लिनी नौदलाचा अधिकारी होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांना वाचवायला तो गलबतं घेऊन निघाला. ज्या वाऱ्याने त्याला झपाट्याने स्टाबीच्या किनाऱ्याला नेलं, त्याच वाऱ्याने त्याला परत निघू दिलं नाही. तिथेच तो गेला.

त्याच शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत आपल्या पश्चिम किनाऱ्याचं वाटाड्या-पुस्तक लिहिलं. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे, आतलं पैठण आणि तेरसुद्धा आहे. आणि भडोचच्या भरतीचं वर्णन आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम, बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही नाही. तिथल्या व्हेनिलिआ आणि सलाशिया म्हणजे गरीब गाई. भडोचजवळच्या खंबातच्या आखातात पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. पाणी येताना दुरून सैन्य गर्जना करत यावं तसा आवाज येतो आणि गलबतं आडवी होतात, असं तो लिहितो. म्हणून तिथल्या राजाने स्थानिक कोळी नेमले होते. ते मोठ्या होड्यांतून सामोरे जाऊन परदेशी गलबतांना वाट दाखवत आत आणत. त्या कोळ्यांपुढे रोमच्या सगळ्या समुद्रदेवांनी हात टेकले असते.

त्या गलबतांतून मद्याचे रांजण आले, नाणी आली, आणि एक देवही आला. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात, समुद्रापासून इतक्या दूर, घाट चढून वर, कांस्याच्या वस्तूंबरोबर समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती सापडली. पोसायडन म्हणजे रोमन लोकांचा नेपच्यून. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलात की अंबाबाई, रंकाळा, मिसळ होईलच. तासभर वेळ काढून त्यालाही बघून या.